नळाला पाणी आहे, पण धार नाही!

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. मराठी माणसास हे गाव परके वाटू नये, कारण तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी 19 व्या शतकाच्या प्रारंभी मुक्तांबाळच्या नावे बांधलेले छत्र येथेच आहे. भोवताली कल्लणै कालव्यावर पोसलेली भातशेती आहे. अशा जलसमृद्ध गावी बदलीवर आलो असता, भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी एक बादली भरण्यास चार मिनिटे लागली, तेव्हा आश्चर्यच वाटले.

‘पंप बसवा’ हा सल्ला तत्काळ मिळाला. परंतु खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी कारण तपासावे, ही बँकेतली सवय येथेही उपयोगी पडली.

दाब म्हणजे काय?

गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकी किती मोठी आहे यावर अवलंबून नसतो. टाकीतील पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा किती उंच आहे, यावर तो ठरतो. दर 10 मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो इतका दाब मिळतो. आमच्या घराचे छत जमिनीपासून 3 मीटरवर, टाकी थेट छतावर आणि शॉवरचे तोंड 2 मीटरवर होते. म्हणजे टाकी रिकामी होत आली की हाती उरते ती जेमतेम 1 मीटर उंची! टाकी भरलेली असताना सकाळी धार बरी आणि सायंकाळी क्षीण का, याचा उलगडा या हिशेबात झाला.

ही विद्या नवी नाही. 16 व्या शतकात सेव्वप्प नायकाच्या तळ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून तंजावरच्या शिवगंगा तलावात आणले गेले, तेही केवळ उताराच्या बळावर.

तपासणीचा क्रम

प्रथम पाहावे, की धार एकाच नळाची मंद आहे की सर्व नळांची. एकाच नळाची असल्यास दोष बहुधा तोंडाच्या जाळीत असतो. क्षारयुक्त पाण्याने जाळीवर पांढरा थर बसतो. जाळी काढून काही वेळ व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवावी आणि जुन्या दातघासणीने घासावी. खर्च नाममात्र.

सर्वच नळ मंद असल्यास टाकीजवळची चावी पूर्ण उघडी आहे का, ते पाहावे. त्यानंतर टाकीचा तळ तपासावा. साचलेला गाळ नळीच्या तोंडाशी अडकतो. मध्येच पाणी थांबून फुसफुसत येत असेल, तर नळीत हवा अडकलेली असते. टाकीतून निघणाऱ्या नळीला वर उघडी हवानळी जोडल्यास हा त्रास सहसा दूर होतो.

गळती शोधण्यास एक सोपी युक्ती आहे. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, सर्व नळ बंद करून टाकीतील पातळीवर खूण करावी आणि सकाळी ती पाहावी. पातळी उतरली असेल, तर पाणी कोठेतरी झिरपत आहे.

जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजून अरुंद होतात. अशा वेळी त्या बदलणेच इष्ट. नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचे क्षेत्रफळ चौपट होते आणि घर्षणही घटते. म्हणून टाकीतून उतरणारी मुख्य नळी रुंद असावी.

उंची वाढविताना

आमची जाळी स्वच्छ केल्यावर आणि अर्धवट बंद असलेली चावी उघडल्यावर बादली अडीच मिनिटांत भरू लागली. शॉवर मात्र मंदच राहिला. तेव्हा घरमालकीण अम्मांच्या संमतीने टाकी 2 मीटर उंच चौथऱ्यावर नेली. एक मीटरची उंची तीन मीटर झाली! मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. 1,000 लिटर पाण्याचे वजन 1,000 किलो, म्हणजे एक टन असते. हा भार खांबावर किंवा तुळईवरच यावा. अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना हे काम करू नये.

इतके करूनही भागले नाही, तर टाकीनंतरच्या नळीवर दाब वाढविणारा पंप बसविता येतो. सार्वजनिक जलवाहिनीला थेट पंप जोडणे मात्र सर्वथा टाळावे. त्यामुळे शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते. शिवाय वाहिनीत ओढ निर्माण होऊन जेथे भेग असेल तेथून सांडपाणी आत शिरते. आपल्या घरातील धार वाढविण्यासाठी गल्लीतील लेकराबाळांचे आरोग्य पणास लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सारांश, आधी जाळी, मग चावी, मग नळी, त्यानंतर उंची आणि सर्वांत शेवटी पंप. हा क्रम पाळणाऱ्या ग्राहकाचे पाणीही वाचेल आणि खात्यातील शिल्लकही. म्हटलेच आहे, थेंबे थेंबे तळे साचे!