बारा फोटोंचा दिवस

१७ सप्टेंबर २०२५ हा दिवस बीडकरांच्या चांगलाच लक्षात राहील. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तर तो होताच; पण त्याच दिवशी बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वेगाडी सुटली. अहिल्यानगर ते परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५च्या सुमारास. म्हणजे तुमचे आईबाबा शाळेत होते तेव्हा! तीस वर्षं वाट पाहिलेली गाडी समोर आल्यावर लोक काय करणार? खिशातून मोबाईल काढणार आणि फोटो घेणार. तसंच झालं.

आता एक छोटीशी परीक्षा. त्या दिवशी तुमच्या घरातल्या कुणी फोटो घेतला असेल, तर तो पाच मिनिटांत शोधून दाखवा बरं! बहुतेक घरांत शोधाशोध सुरू होईल. आधी गुड मॉर्निंगची चित्रं, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मग एकाच बोकडाचे सतरा फोटो, आणि फोन मधल्या काळात बदलला असला तर विषयच संपला. उलट आजी-आजोबांचा लग्नातला फोटो मागा. आजी उठेल, ट्रंकेचं झाकण उघडेल, लुगड्याखालून पाकीट काढेल आणि फोटो हातात देईल. दोन मिनिटं!

असं का होतं? फोटो काढायला पैसे पडेनात, तशी आपण तो काढताना बघायची सवय सोडली. एके काळी फोटोग्राफी हा छंद होता, तिकिटं जमवण्यासारखा. तो छंद तुमच्या हातातल्या फोनवरही पुन्हा सुरू करता येतो. फक्त जुन्या कॅमेऱ्याची एक युक्ती उसनी घ्यावी लागते.

ती युक्ती कळायला आईबाबांच्या आणि आजोबांच्या काळात जाऊ या. तेव्हा घरोघरी नाही, पण गल्लीत एखाद्याकडे तरी 'आग्फा क्लिक थ्री' असायचा. बडोद्यात बनणारा हा काळा, चौकोनी, साधासुधा कॅमेरा. त्याच्यावर ऊन आणि ढग यांच्या खुणा असत. आभाळाकडे बघायचं, खूण जुळवायची आणि खटका दाबायचा. बास! त्यात एक रोल घातला की फोटो निघायचे मोजून बारा. प्रत्येक फोटो जवळजवळ सहा सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्यामुळे तो मोठा न करता निगेटिव्हच्याच आकाराचा छापून घ्यायचीही पद्धत होती. जुन्या अल्बममध्ये असे छोटे चौकोनी काळे-पांढरे फोटो अजून सापडतात. काळा-पांढरा रोल आपल्याच देशात, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात तयार व्हायचा. त्याचं नाव 'इंदू', म्हणजे चंद्र. किती छान नाव! तो कारखाना आता बंद झाला आहे.

बारा फोटो संपले की रोल स्टुडिओत द्यायचा. रंगीत रोल धुवायची सोय लहान गावात नसे, तो मोठ्या शहरातल्या लॅबकडे जायचा. मग आठ-आठ दिवस वाट पाहायची. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचं डोकं कापलं गेलंय, हे तेव्हा कळायचं. म्हणून खटका दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. पाठीमागे वाळत घातलेलं धोतर दिसतंय का? सूर्य कुठल्या बाजूला आहे? बाळाचं नाक पुसलंय का?

डिजिटल कॅमेऱ्याची सुरुवात मात्र फार गमतीची आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं १९७५ साली तो बनवला. वजन साडेतीन किलोंहून जास्त! फोटो साठवायचा तो कॅसेटच्या टेपवर, आणि एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या फोटोत ठिपके होते फक्त दहा हजार. आज ५० मेगापिक्सेलचा फोन म्हणजे पाच कोटी ठिपके. आता गणित तुम्हीच करा, किती पट झाले ते. आणि दैव बघा, ज्या कोडॅकमध्ये हा कॅमेरा जन्मला, त्याच कंपनीला फिल्मचा धंदा बसल्यामुळे २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

तर आता ती युक्ती. येत्या रविवारी आईचा किंवा बाबांचा फोन मागून घ्या आणि त्यांना सांगा, "आज मी फक्त बारा फोटो काढणार." बारा म्हणजे बाराच. काढलेला पुसायचा नाही. संध्याकाळपर्यंत काढलेले फोटो बघायचेही नाहीत! हे शेवटचं फार अवघड जातं, मोठ्यांना तर जास्तच. पण करून बघा. चौथ्या-पाचव्या फोटोपासून तुम्ही फोनकडे कमी आणि समोरच्या वस्तूकडे जास्त बघायला लागाल.

पहिला फोटो घेण्याआधी सुती फडक्यानं भिंग पुसा. आपल्याकडे धूळ काय कमी आहे! अर्धेअधिक धुरकट फोटो हवेमुळे नाही, बोटाच्या तेलकट ठशामुळे येतात. दुसरं, दोन बोटांनी चित्र ओढून मोठं करू नका. पुष्कळ फोनमध्ये त्यामुळे नवं काही दिसत नाही, आहे तेच कापून ताणलं जातं. जवळ हवंय ना? मग दोन पावलं पुढे जा.

आणि ऊन! बीडच्या एप्रिल-मे महिन्यातलं दुपारी बाराचं ऊन म्हणजे फोटोचा शत्रू. सूर्य डोक्यावर असला की डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी दिसतात. तेव्हा माणसाला लिंबाच्या सावलीत घ्या. त्याहून उत्तम जागा म्हणजे ओसरी. आजीला ओसरीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही अंगणात उभे राहा. अंगणातला उजेड भिंतीवरून, जमिनीवरून परतून तिच्या चेहऱ्यावर पडतो; सुरकुती न् सुरकुती दिसते, पण कुठंच टोचत नाही. स्टुडिओवाले यासाठी पांढऱ्या छत्र्या लावतात. माळवदाच्या घरात ती सोय फुकट आहे. मग पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर एकदा बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा तिथला उजेड मोजेल. फ्लॅश बंदच ठेवा.

काय टिपायचं? आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. बीड शहरात कुंडाच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वराचं जुनं दगडी मंदिर, शहराबाहेरची निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर, अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले खडकात कोरलेले हत्ती, धारूरचा किल्ला, पावसाळ्यात विंचरणा नदी जिथे उडी घेते तो सौताड्याचा धबधबा. धबधब्याच्या आणि विहिरीच्या काठावर पाठ करून सेल्फी काढायची नाही, हे सांगायला नकोच; तरी सांगतो. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्यही आहे. पण खरं सांगू का, फोनमधून लांबचा मोर म्हणजे हिरव्या झुडपात एक निळा ठिपका. त्याच्या मागे धावून त्याला हैराण करण्यापेक्षा ओल्या मातीत उमटलेलं त्याचं पाऊल टिपा. तो फोटो तुमच्या फोनला जमेल.

मला विचाराल तर या सगळ्यांपेक्षा मजेचा एक उद्योग आहे. तो म्हणजे एकच जागा पुन्हा पुन्हा टिपणं. गावची बारव, पाझर तलाव, शाळेमागचा ओढा, माजलगावजवळ राहत असाल तर सिंदफणेवरचं धरण. एखादा दगड किंवा पायरी ठरवा, दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच वेळी, त्याच जागी उभं राहून एकच फोटो काढा. वर्षाला फोटो होतील पुन्हा बाराच! २०१५-१६च्या दुष्काळात मराठवाड्यातली मोठी धरणं मृतसाठ्यावर आली होती. २०२५च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्याखाली गेली. पाणी किती खाली गेलं होतं आणि कुठवर चढलं, यावर पारावर तासन् तास वाद चालतात. एकाच पायरीवरून घेतलेले दोन फोटो तो वाद क्षणात मिटवतील. तुमच्या गावाची अशी नोंद दुसरं कोण ठेवणार?

आणखी एक फोटो आहे, तो दिवाळीच्या आसपास काढायचा. आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं तेव्हा ऊसतोडीला जातात. टोळी निघते, ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि काही मुलं आजीजवळ गावातच राहतात. आईबाप परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. तुमच्या वर्गातला असा मित्र असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर निघण्याआधी ओसरीच्या त्याच उजेडात सगळ्यांचा एक फोटो घ्या आणि त्याच्या दोन प्रती छापून घ्या. एक घरात राहील, दुसरी कोपीवर जाईल. आईचा फोन तिच्याबरोबर कारखान्याकडे जातो, म्हणून हा फोटो कागदावरच हवा. अर्थात, आधी त्यांना विचारा. फोटो काढण्यापूर्वी विचारायचं, मग ते शेतातले अनोळखी काका असोत की वर्गातली मैत्रीण, हा या छंदातला पहिला शिष्टाचार आहे.

फोटो काढून झाले की मोठ्यांच्या मदतीने ते फोनमधून संगणकात किंवा पेनड्राइव्हमध्ये उतरवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो आकसतो, त्यातला बारीक तपशील जातो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एक प्रत दुसऱ्या गावी, मामाकडे किंवा आत्याकडे असू द्या. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला महापूर आला आणि बीड शहरात माणसं गेली, घरं गेली. पाण्यात गेलेल्या घरातला फोटो परत मिळायचा तो नातेवाइकाकडे दुसरी प्रत असली तरच. फोन पाण्यात पडला तर आजही तेच होतं.

आणि महिन्यातून एक फोटो छापून घ्या. बारातला सर्वांत चांगला कुठला, यावर घरात सगळ्यांनी मिळून भांडा! बीड हैदराबाद संस्थानात होतं त्या काळात राजा दीनदयाळ नावाचे थोर फोटोग्राफर निजामाच्या पदरी होते. १९०५ साली ते वारले. ते काचेच्या जड तावदानांवर फोटो घेत. त्यातली अडीच हजारांहून जास्त तावदानं आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेली आहेत. काच फुटणारी, तरी शंभर वर्षं टिकली, कारण कुणीतरी ती सांभाळली.

छापलेल्या फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटली नाही तर न पुसणाऱ्या शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या आणि शाई वाळेपर्यंत फोटो उलटाच ठेवा. 'आमची विहीर' एवढंच लिहू नका. असं लिहा: 'मळ्यातली विहीर, उत्तरेकडची तिसरी पायरी. ११ जून, सकाळी सात. पाणी नवव्या पायरीला. पाऊस अजून नाही. दोरीजवळ उभी ती मोठी आत्या.'