बैठक आणि खांद्यावरचा भार

पाटावर मांडी घालून जेवायला बसलेला माणूस हात न टेकता उठतो, तेव्हा काही विशेष घडले असे कोणालाच वाटत नाही. पुढे वय वाढते. उठताना एक हात जमिनीवर टेकू लागतो, दुसरा भिंतीचा आधार शोधतो आणि एके दिवशी पाटाची जागा खुर्ची घेते. पायांतील बळ असे गाजावाजा न करता ओसरत असते. ते राखण्याचा एक सरळ उपाय म्हणजे बैठक. खांद्यावर भार घेऊन काढलेल्या बैठकीलाच आजच्या व्यायामशाळांतून ‘स्क्वॉट’ म्हणतात.

मराठी माणसाला बैठक नवी नाही. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्रा. माणिकरावांनी देशी व्यायामाची मोठी परंपरा उभी केली, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ही त्याच नगरीतून प्रसिद्ध झाला. तालमीतील बैठक हा शेकड्यांनी मोजावयाचा व्यायाम होय. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, तोल चवड्यांवर येतो, गुडघे पुढे सरकतात आणि हातांच्या झोक्यासरशी गडी वर येतो. स्वतःच्याच वजनाने, जलद आणि पुष्कळ वेळा करावयाच्या व्यायामाला ही रीत साजेशी आहे. तिने दम वाढतो आणि चिकाटी येते.

परंतु लोखंडी दांडी खांद्यावर आली की गणित पालटते. पुरुषांच्या स्पर्धेतील नुसती दांडीच २० किलोग्रॅमची असते. अशा वेळी टाचा उचलण्याची जुनी सवय कायम राहिली, तर भार पुढे झुकतो, गुडघ्यांवर अधिक ताण पडतो आणि तोल सावरण्याच्या धडपडीत कंबर वाकते. म्हणूनच तालमीत मुरलेला गडीही भाराच्या बैठकीत प्रथम नवशिका ठरतो. त्याच्या अंगी बळ कमी नसते. त्या बळाला नवे वळण लावावे लागते.

या वळणामागील तत्त्व गवंड्याच्या ओळंब्याचे आहे. दांडीपासून ओळंबा सोडला, तर तो खाली जाताना व वर येताना सतत तळपायाच्या मध्यावर पडावा. त्यासाठी पावले साधारण खांद्यांइतकी रुंद ठेवून चवडे किंचित बाहेर वळवावेत. दांडी मानेच्या मणक्यावर ठेवू नये. ती पाठीच्या वरच्या भागातील स्नायूंच्या उशीवर विसावावी. पोटात श्वास भरून कंबर ताठ धरावी आणि नितंब मागे व खाली नेत बसावे. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच वळावेत, आत कलू नयेत. वर येताना पाऊल पूर्ण टेकलेले असावे. घोटा ताठर असल्यामुळे टाच उचलली जात असेल, तर तिच्याखाली लाकडाची पातळ पट्टी द्यावी. भारोत्तोलकांच्या बुटांची टाच उंच असते, त्यामागेही हेच कारण आहे.

खोल बसल्याने गुडघे बिघडतात, ही भीती अनेकांच्या मनात असते. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन यांनी पूर्ण बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल होतात असे मत मांडले आणि ते दूरवर पसरले. पुढील अभ्यासकांना निरोगी गुडघ्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. शक्तिउत्तोलनाच्या स्पर्धेत तर मांडीच्या सांध्याजवळील पायाचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेल्याशिवाय बैठक ग्राह्यच धरली जात नाही. नवशिक्याने मात्र कंबर न वाकता जेवढे खाली जाता येईल, तेवढेच जावे. खोली सरावाने वाढते.

भार वाढविण्यातही उतावीळ नको. आधी पाठीमागे स्टूल ठेवून त्यास अलगद स्पर्श करून उठावे. मग नुसती दांडी घ्यावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस सोडून, पाच-पाच बैठकांच्या तीन फेऱ्या नवशिक्यास पुरेशा होतात. ढब शाबूत असेल तरच पुढील खेपेस अडीच किलोग्रॅम वाढवावेत. ती मोडली तर भार निमूट उतरवावा. स्नायूंची भरपाई विश्रांतीतच होत असल्याने रोज भार घेण्याने लाभ वाढत नाही. दोन्ही बाजूंना दांडी अडविणारे आधार नसतील, तर एकट्याने जड भार घेऊ नये. श्वास रोखल्याने रक्तदाब क्षणभर बराच चढतो. त्यामुळे रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच कंबरेचे वा गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

हा केवळ तरुणांचा उद्योग नव्हे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धसेवागृहातील सुमारे ९० वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम देण्यात आला. तो बैठकीचा नव्हता. बसून गुडघा सरळ करण्याचा होता. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे सुमारे पावणेतीनपट झाले. दोघांची तर चालतानाची काठी सुटली.

नव्वदीतले स्नायूही कामाला प्रतिसाद देत असतील, तर पन्नाशीत खुर्चीला शरण जाण्याचे कारण उरत नाही. स्टुलावरून हात न टेकता, सावकाश आणि टाचा न उचलता पाच वेळा उठणे एवढी सुरुवात पुरे आहे. लोखंडी दांडीची पाळी त्यानंतरची.