शिक्का खरा, तरी पत्र परत!

पूर्वी महत्त्वाच्या पाकिटावर लाखेची मोहोर लावीत. मोहोर फुटलेली दिसली, की मध्येच कोणीतरी पत्र उघडले हे कळे. पण समजा, पाकीट विश्वासू कारकुनानेच उघडले आणि पत्रावर फक्त जावक क्रमांक टाकला, तर? तरीही मोहोर फुटलेलीच! २०१४ साली ई-मेलच्या बाबतीत नेमके असेच घडले.

ई-मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्यांत 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव घालता येई, तपासणी नव्हती. भामट्यांनी याचा फायदा घेतला. म्हणून पुढे दोन तपासण्या आल्या. पहिली एसपीएफ. आपली टपाल कोणकोणत्या संगणकांवरून निघते, याची यादी प्रत्येक संस्था जाहीर करते. दुसरी डीकेआयएम. यात मजकुरावरून गणिताने एक सही काढतात. मजकुरातले एक अक्षर बदलले, तरी सही जुळत नाही.

२०१२ साली यांवर डीमार्क हा नियम आला. वाचणाऱ्याला दिसणारे प्रेषक-संस्थेचे नाव या दोहोंपैकी निदान एका तपासणीत खरे ठरले पाहिजे. न ठरल्यास काय करावे, हे ती संस्थाच सांगते : नुसती नोंद ठेवा, संशयितांत टाका किंवा दारातूनच परत पाठवा.

आता एका खगोलमंडळाची मेलिंग लिस्ट घ्या. एका सभासदाने मंडळाच्या पत्त्यावर पत्र धाडले, की मंडळाचा संगणक ते सर्वांना पाठवतो. पाठवताना विषयाआधी 'खगोल' हा शब्द आणि तळाशी दोन ओळींची सूचना जोडतो. झाले! मजकूर बदलला, सही जुळेना. लिफाफ्यावर मंडळाचे नाव असते. ते खरे, पण आतल्या प्रेषकाशी जुळत नाही. दोन्ही तपासण्या फुकट!

एप्रिल २०१४ मध्ये, आपल्या ग्राहकांच्या नावाने येणारी खोटी पत्रे थांबवण्यासाठी, याहूने 'परत पाठवा' हा कडक हुकूम लावला. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. मग याहूच्या सभासदाने मेलिंग लिस्टवर पत्र लिहिले, की इतर सभासदांच्या टपालसेवा ते नाकारीत. गंमत पाहा : पत्रे वारंवार परत येतात, तेव्हा या सभासदांचे पत्तेच चुकीचे असावेत, असे लिस्टच्या संगणकाला वाटे आणि तो त्यांचीच टपाल बंद करी. लिहिणारा राहिला बाजूला, शिक्षा वाचणाऱ्यांना!

उपाय निघाले, पण प्रत्येकाला किंमत आहे. प्रेषकाच्या जागी मंडळाचा पत्ता घातला, तर पत्र कोणी लिहिले हे झाकले जाते. मजकुराला हातच लावला नाही, तर सही टिकते. पण तळाची सूचना जाते. २०१९ साली एआरसी ही पद्धत प्रसिद्ध झाली. तीत मधला संगणक 'माझ्याकडे आले तेव्हा पत्र असे होते' अशी साक्ष देतो. मात्र त्या साक्षीदारावर विश्वास ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले; त्यामुळे हा प्रश्न आजही जिवंत आहे.

प्रयोगशाळेत आपण आधी विचारतो, हे उपकरण नक्की काय मोजते? डीमार्क प्रेषकाचा प्रामाणिकपणा मोजत नाही; दिसणाऱ्या नावाला पुरावा आहे की नाही, एवढेच पाहते.

तुम्हीही पाहा. जीमेलमध्ये एखादे पत्र उघडून 'शो ओरिजिनल' निवडा. तिन्ही तपासण्यांचे निकाल तेथे दिसतील. मग मेलिंग लिस्टवरून आलेले पत्र तसेच तपासा आणि दोन्ही निकाल वहीत शेजारी शेजारी मांडा.