कोंबडीला घाम येत नाही

मे महिन्यात आपल्या हसनाबादेत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. दुपारी आपण पदरानं घाम पुसतो, तेव्हा अंगणातली कोंबडी चोच उघडून, पंख फाकवून धापा टाकत असते. ती काय करत असते, ते आज पाहू.

आधी माठ आठवा. माठातून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपला घामही हेच करतो. म्हणूनच बाहेर ४२ अंश असले, तरी आपलं अंग ३७ अंशांच्या आसपास राहतं.

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. त्यात तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास. ती धापा टाकते, तेव्हा घशातला ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो आणि अंग निवतं. जीभ बाहेर काढून बसलेला कुत्राही तेच करतो.

म्हशीला घाम येतो, पण गाईपेक्षा फार कमी. कातडी काळी, केस विरळ, त्यामुळं ऊन जास्त लागतं. म्हणून ती डबक्यात बसते. अंगावरचा ओला चिखल वाळेपर्यंत तिला गारवा मिळतो.

सरड्याची तऱ्हा वेगळी. त्याचं अंग हवेप्रमाणं तापतं नि निवतं. तो सकाळी कुंपणावर ऊन खातो आणि दुपारी सावलीत शिरतो. बेडूक तर उन्हाळ्यात ओलसर मातीत दडून राहतो.

सरडा जागा बदलतो. पण खुराड्यात कोंडलेली कोंबडी आणि दावणीची म्हैस कुठं जाणार? त्यांची सोय आपल्यालाच करावी लागते. नाहीतर त्या खाणं कमी करतात, अंडी आणि दूध घटतं, कधी जीवही जातो.

पावसाळ्यात माठ गार होत नाही, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. बंद खुराड्यातही तसंच होतं. म्हणून खुराड्याला जाळी ठेवा, वारा खेळू द्या. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या अंथरा. सावलीत पाण्याची दोन भांडी ठेवा. पचनानंही अंग तापतं, म्हणून दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर टाका.

म्हैस झाडाखाली बांधा. दुपारी दोन-तीनदा पाणी मारा. पाण्याची टंचाई असेल, तर ओलं पोतं तिच्या अंगावरून फिरवा. म्हैस तोंड उघडून धापा टाकू लागली, लाळ गाळू लागली, तर लगेच सावलीत नेऊन पाणी ओता आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

आणि बायांनो, आपला घामही पिलेल्या पाण्यातूनच येतो. रानात जाताना कळशी भरून न्या, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.