अतिशीत-परिरक्षण : सभासद-संस्थेची उभारणी आणि तिचे उत्तरदायित्व

मृत्यूनंतर देह नष्ट होऊ न देता तो अतिशीत अवस्थेत जपून ठेवावा आणि भविष्यातील वैद्यकशास्त्र समर्थ झाल्यावर त्यास पुन्हा सजीव करावे, या कल्पनेस पाश्चात्त्य देशांत ‘क्रायॉनिक्स’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिला अतिशीत-परिरक्षण म्हणता येईल. या कार्यासाठी गेली सहा दशके संस्था स्थापन होत आहेत. त्यांपैकी काही टिकल्या, काही बुडाल्या. त्या रुग्णालये नव्हेत आणि रूढ अर्थाने दफनभूमीही नव्हेत. बहुतांशी त्या सभासदांनी सभासदांसाठी चालविलेल्या संस्था आहेत. अशी संस्था नव्याने उभी करणे म्हणजे कोणते दायित्व पत्करणे होय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या चळवळीचे प्रवर्तक रॉबर्ट एटिंगर हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी’ हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली खाजगी रीतीने आणि १९६४ साली रीतसर प्रकाशित झाला. मृत्यू हा एक क्षण नसून प्रक्रिया आहे, आणि आजचा वैद्य ज्यास मृत म्हणतो त्यास उद्याचा वैद्य कदाचित रुग्ण म्हणेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफोर्ड यांचा देह या पद्धतीने गोठविण्यात आला. तो आजही ॲरिझोना राज्यातील अल्कोर या संस्थेत जतन केलेला आहे.

कृती थोडक्यात अशी : वैद्याने कायदेशीर मृत्यू घोषित करताच देह बर्फाने थंड केला जातो आणि यंत्राच्या साहाय्याने रक्ताभिसरण काही काळ चालू ठेवले जाते. पुढे रक्त काढून त्याच्या जागी पेशींचे रक्षण करणारी द्रावणे भरली जातात. पाण्याचे स्फटिक बनून पेशी फाटू नयेत, ऊती काचेसारख्या घट्ट व्हाव्यात, हा त्यामागील हेतू. अखेरीस देह उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवला जातो. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या पात्रात ठेवतात, त्याचेच हे विशाल रूप होय. या पात्रास वीज लागत नाही. परंतु नायट्रोजन सतत उडून जात असल्यामुळे तो नियमाने भरावा लागतो. देह पात्रात डोके खाली करून ठेवतात. नायट्रोजनची पातळी घसरली तरी मस्तक सर्वांत शेवटी उघडे पडावे, हे त्याचे कारण.

येथे शास्त्राची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. रेत व भ्रूण अशा रीतीने साठवून पुन्हा उपयोगात आणता येतात. सशाचे मूत्रपिंड काचरूप करून, पुन्हा उबदार करून प्रत्यारोपित केल्याचा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. २०२३ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शंभर दिवसांपर्यंत साठविलेली उंदरांची मूत्रपिंडे यशस्वीपणे प्रत्यारोपित केली. तथापि द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानास नेलेला एकही संपूर्ण सस्तन प्राणी आजवर पुन्हा सजीव झालेला नाही. मूत्रपिंडापासून संपूर्ण मानवी देहापर्यंत, विशेषतः मेंदूपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. यास्तव अशी संस्था सभासदास पुनर्जीवन देत नाही. ती फक्त देह राखण्याचे वचन देते. तिच्या व्यवहाराची कसोटी या वचनाच्या पालनातच आहे.

ते वचन मोडल्याचे उदाहरण याच चळवळीच्या आरंभकाळात घडले. बेडफोर्ड यांचा देह गोठविण्यात पुढाकार घेणारे रॉबर्ट नेल्सन हे कॅलिफोर्नियातील एका क्रायॉनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते. चॅट्सवर्थ येथील दफनभूमीच्या तळघरात त्यांनी नऊ देह ठेवले होते. पुरेसा निधी आधी जमा न करता, नातेवाईक पुढे पैसे देत राहतील या भरवशावर हे कार्य चालले. काहींनी पैसे देणे थांबविले, नायट्रोजन संपला आणि देह वितळून कुजले. ही गोष्ट १९७९ साली उघडकीस आली. १९८१ साली न्यायालयात नातेवाइकांच्या बाजूने निर्णय लागला. येथे प्रथम अपयश आले ते संस्थेला. शास्त्राची परीक्षा होण्याची वेळच आली नाही.

या अनुभवातून पहिला नियम निर्माण झाला : संपूर्ण खर्चाची तरतूद आधी झाल्याखेरीज देह स्वीकारू नये. याचे गणित साधे आहे. समजा, एका देहाच्या रक्षणास वर्षाला १०० रुपये लागतात आणि महागाई वजा जाता निधीवर दोन टक्के उत्पन्न मिळते. तर हा खर्च मुद्दलास हात न लावता कायम चालविण्यासाठी ५,००० रुपये प्रारंभीच बाजूस ठेवावे लागतील. बहुसंख्य सभासद ही रक्कम आयुर्विम्याच्या मार्गाने उभी करतात. एटिंगर यांनी १९७६ साली मिशिगनमध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूटने आपले मूळ शुल्क २८,००० डॉलर इतके ठेवले. अल्कोरमध्ये संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम लागते. मृत्युसमयी पथक पाठविण्याचा खर्च अल्कोरच्या रकमेत धरलेला असतो. इन्स्टिट्यूटच्या सभासदास त्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. कमी शुल्क पाहून हुरळून जाणाऱ्याने हा भेद ध्यानी घ्यावा.

दुसरा नियम निधीच्या विभक्ततेचा. दैनंदिन कारभाराचा पैसा आणि जतन केलेल्या देहांचा पैसा एकाच पेटीत असेल, तर अडचणीच्या वर्षी दुसऱ्यातून पहिल्याची भर होते. अल्कोरची स्थापना १९७२ सालची. देहरक्षणासाठीचा स्वतंत्र विश्वस्त निधी तिने १९९७ साली निर्माण केला.

तिसरा प्रश्न सत्ता कोणाच्या हाती असावी हा. क्रायॉनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये संचालकांची निवड सभासद मतदानाने करतात. अल्कोरमध्ये संचालक मंडळच आपले नवे सदस्य निवडते. पहिल्या पद्धतीत सभासदांचा अंकुश राहतो, पण क्षणिक लाटेने धोरण बदलण्याचे भय असते. दुसरीत सातत्य राहते, पण मंडळ चुकल्यास त्यास जाब विचारणारा उरत नाही. सामान्य सहकारी संस्थेत गाऱ्हाणे असलेला सभासद सभेत उभा राहून बोलू शकतो. येथे ज्याचे सर्वाधिक हित गुंतलेले आहे तो सभासद बोलू शकत नाही. म्हणून हिशेब उघडे ठेवणे हे अशा संस्थेत सौजन्य नसून कर्तव्य ठरते.

चौथा प्रश्न कायद्याचा. अमेरिकेत देहदानाच्या कायद्याचा आधार घेऊन देह संस्थेच्या स्वाधीन केला जातो. २००३ साली मिशिगन शासनाने इन्स्टिट्यूटच्या कार्यास हरकत घेतली आणि पुढे तिला दफनभूमीचा परवाना घ्यावा लागला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९० साली या सेवेच्या विक्रीस कायद्याने बंदी केली. २०१६ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे कर्करोगाने मरणासन्न झालेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. आईवडिलांत मतभेद होते. देहाबाबतचा निर्णय आईने घ्यावा, असे न्यायालयाने ठरविले; मात्र हा शास्त्राच्या सत्यासत्यतेचा निवाडा नव्हे, हेही स्पष्ट केले. मुलीचा देह पुढे अमेरिकेत नेण्यात आला. सभासदाची इच्छा हयातीत लेखी नसेल आणि कुटुंबास ती ठाऊक नसेल, तर शोकाच्या घरात वादाचे बीज पडते, हे यावरून दिसून येते.

अशी संस्था उभी राहण्यास किती धीर लागतो, याचे अलीकडील उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथील सदर्न क्रायॉनिक्सच्या कार्याचा आरंभ २०१२ साली झाला आणि न्यू साउथ वेल्समधील होलब्रुक येथे पहिला देह २०२४ साली स्वीकारला गेला. सभासद जमविणे, जागा, परवाने आणि पात्रे मिळविणे यांत एक तप गेले.

एटिंगर स्वतः २०११ साली ९२ व्या वर्षी निधन पावले आणि त्यांचा देह त्यांच्याच संस्थेत ठेवण्यात आला. १९७७ साली तेथे ठेवलेला पहिला देह त्यांच्या मातेचा होता. संस्थापकही अखेर इतरांच्या सचोटीवर विसंबून राहतो. यास्तव कोणी अशा संस्थेचे सभासदत्व देऊ केल्यास पुनर्जीवनाच्या संभाव्यतेची चर्चा करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत : निधी कोठे आहे, तो कोणास काढता येतो, हिशेब कोण तपासतो, आणि संस्था बंद पडल्यास देहाचे काय होणार. ज्या संस्थेकडे या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे नाहीत, तिने मरणासन्न मनुष्याकडून एक पैसाही घेऊ नये.