मांजरीचे घरातील बाळंतपण : विराम आणि अडसर यांतील फरक

कालावधी : मांजरीचा गर्भकाळ साधारणतः 63 ते 65 दिवसांचा असतो. एरवी 38 ते 39 अंश सेल्सिअस असलेले शरीराचे तापमान विण्यापूर्वीच्या दिवसभरात सुमारे अंशभर उतरते, मात्र ही घट प्रत्येक मांजरीत दिसतेच असे नाही.

अवस्था : आधी गर्भाशयाचे मुख उघडते, तेव्हा मांजरी अस्वस्थ होऊन अंथरूण उकरते, त्यानंतर पिल्ले आणि प्रत्येकामागोमाग वार, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, बाहेर पडते. पिल्लू मागील पायांकडून येणे मांजरीत नेहमीचेच असून तो दोष मानला जात नाही.

विराम की अडसर : दोन पिल्लांमध्ये सहसा 10 ते 60 मिनिटे जातात, परंतु काही मांजरी मधेच थांबून, आधीच्या पिल्लांना शांतपणे पाजत, कित्येक तासांनी उरलेली पिल्ले देतात, आणि हा विराम स्वाभाविक असू शकतो. याउलट जोरदार कळा 20 ते 30 मिनिटे चालूनही पिल्लू न येणे, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा सतत रक्तस्राव होणे ही अडसराची चिन्हे असून त्यांत पशुवैद्याची मदत तातडीची ठरते. चपट्या तोंडाच्या पर्शियन मांजरींत हा धोका अधिक असतो.

मदत : मांजरीने पिल्लावरील पातळ आवरण लगेच फाडले नाही, तरच ते हाताने काढून नाकतोंड पुसावे व पिल्लू स्वच्छ टॉवेलने चोळावे; नाळ मात्र ओढू नये.

चीक : प्रतिपिंडे पुरवणारे हे पहिले दूध पिल्लांना पहिल्या काही तासांतच मिळावे लागते, कारण दिवसभरात आतड्याची ती शोषण्याची क्षमता संपते.