रामन राघवाचा खटला

द्वेषानें किंवा लोभानें खून होतो, तेव्हां मृत व मारेकरी यांच्यामध्यें कांहीं ना कांहीं धागा असतो, आणि तो धरूनच पोलीस मारेकऱ्यापर्यंत पोंचतात. परंतु जो अनोळखी माणसांस एकामागून एक मारीत सुटतो, त्याच्या बाबतींत हा धागाच नाहींसा होतो. मुंबईच्या उपनगरांनीं हें १९६५ ते १९६८ या काळांत अनुभविलें. प्रथम पूर्वेकडील रेल्वेमार्गालगत व पुढें १९६८ सालीं उत्तरेकडील उपनगरांत, रात्रीं झोपडींत किंवा उघड्यावर निजलेल्या गरिबांच्या डोक्यांत जड हत्यार घालून खून होऊं लागले. खारदांड्याच्या वाचकांस सांगावयास नको कीं, उकाड्याच्या दिवसांत बाहेर अंथरूण टाकणें ही चैन नसून पुष्कळांची गरज असते.

पहिल्या पर्वांतच रामन राघव नांवाचा एक भटका इसम संशयावरून पकडला गेला होता. परंतु पुरावा न मिळाल्यामुळें त्यास सोडून द्यावें लागलें. केवढा हा अनर्थ, असें कोणी म्हणेल! तथापि केवळ संशयावरून माणसें डांबूं लागल्यास या शहरांतील किती निराधार निरपराधी तुरुंगांत जातील, याचाही विचार करावा. त्याची नोंद मात्र पोलिसांच्या दप्तरांत राहिली.

१९६८ सालीं गुन्हे शाखेचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनीं तपासाचीं सूत्रें हातीं घेतलीं. २७ ऑगस्ट रोजीं उपनिरीक्षक अलेक्स फियाल्हो यांनीं वर्णनावरून त्यास रस्त्यांत ओळखून ताब्यांत घेतलें. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी अशीं त्याचीं नांवें अनेक. पण बोटांचे ठसे एकच, आणि दप्तरांतील ठशांशीं ते जुळले.

त्यानें कोंबडीचें जेवण मागितलें व मग तोंड उघडलें, ही गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. परंतु पोलिसांपुढील कबुली आपल्या कायद्यानें पुरावा ठरत नाहीं. ती मॅजिस्ट्रेटापुढें, ‘असें सांगण्यास तूं बांधलेला नाहींस व हें तुझ्याविरुद्ध वापरलें जाईल,’ अशी समज मिळाल्यावर द्यावी लागते. आरोपीच्या सांगण्यावरून एखादें हत्यार सांपडल्यास तेवढा भाग मात्र ग्राह्य धरतात. राघवानें मॅजिस्ट्रेटापुढें कबुली दिली, आणि हत्यारें लपविल्याचीं ठिकाणेंही दाखविलीं.

खरा पेंच १९६९ सालीं सत्र न्यायालयांत पडला. आरोपी वेडा असल्यानें स्वतःचा बचाव करूं शकत नाहीं, असें त्याच्या वकिलांनीं मांडलें. येथें दोन प्रश्न निरनिराळे आहेत: खटला समजण्याइतकें भान आरोपीस आज आहे काय, आणि कृत्याच्या वेळीं आपण काय करितों हें त्यास कळत होतें काय? पोलीस सर्जननें जवळजवळ महिनाभर निरीक्षण करून तो वेडा नाहीं असा अभिप्राय दिला. त्यास फांशीची शिक्षा झाली, व त्यानें अपील करण्याचें नाकारिलें.

तथापि आरोपी गप्प बसला म्हणून फांशी देतां येत नाहीं. उच्च न्यायालयानें ती कायम करावी लागते. त्या न्यायालयानें तीन मानसोपचारतज्ज्ञांचें मंडळ नेमविलें. मंडळानें पांच वेळां, दर वेळीं सुमारें दोन तास, त्याच्याशीं संभाषण केलें. जगें दोन आहेत, एक ‘कानून’चें व एक आपण राहतों तें, अशी त्याची दृढ समजूत होती. त्यास स्किझोफ्रेनिया हा जुनाट व असाध्य मनोविकार असल्याचें मंडळानें ठरविलें, आणि अखेर फांशीची जन्मठेप झाली. पुढें त्यास पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत ठेविलें होतें. १९९५ सालीं मूत्रपिंडाच्या विकारानें ससून रुग्णालयांत तो मरण पावला.